दुसरा छोटा भोंगा

डोर्न्स लँडिंग,
ऑगस्टअखेर

प्रिय कॉरिन,

माझं अक्षर बघून तू आधी चष्मा पुसला असशील. नाताळच्या कार्डावर ‘आम्ही बरे आहोत, तुम्हीही असाल’ एवढंच खरडणारी व्हर्ना एकदम पानंच्या पानं लिहायला बसली म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असंही तुझ्या मनात आलं असेल. कुणी गेलेलं नाही. जायचा होता तो नोव्हेंबरातच गेला आणि ते तुला ठाऊक आहे. तेव्हा निवांत बस, ग्लेनिसला कॉफी करायला सांग. लेकीच्या घरी राहतेस, आयती हातात मिळत असेल. इथे माझी मलाच करावी लागते. आणि हे वाचून झाल्यावर लगेच फोनकडे धावू नकोस. जे काय म्हणायचं ते लिहून कळव. का, ते पुढे येईल.

आधी बातमी सांगते. तू भिंतीवर आलीयस. गावाला दीडशे वर्षं झाली म्हणून बॉबी हेंड्रिक्सच्या कमिटीने पूर अडवायच्या भिंतीवर गावाचा सगळा इतिहास रंगवून घेतला. धक्क्यापाशी सुरू होतो तो म्हाताऱ्या डोर्नच्या लाकडाच्या वखारीपासून. मग शिंपल्यांचे ढीग, बटणांचा कारखाना, मग तो मोठा पूर आणि चर्चच्या छपरावर बसलेली कोंबडी. आणि सगळ्यात शेवटी, पोस्टाच्या दाराच्या बरोब्बर समोर, वरच्या वळणावरचं घर, त्याचा व्हरांडा, आणि व्हरांड्यात उभी राहून पिवळा टेबलक्लॉथ हलवणारी बाई. दोन मजली उंच. तुझी करंगळी माझ्या दंडाएवढी आहे, कॉरिन. समोरून बोट येतेय मका भरलेले तराफे ढकलत, आणि बोटीवर ठसठशीत अक्षरात नाव लिहिलंय, ‘लिडा मे’. म्हणजे माझ्या नवऱ्याची बोट. रंगवणारी पोरगी कॉलेजातली, तिला बिचारीला काय माहीत. कुणीतरी जुन्या वर्तमानपत्रातला फोटो दिला आणि त्या फोटोत तू होतीस. तू कुठल्या फोटोत नव्हतीस म्हणा.

बॉबीने मला मुद्दाम गाडीत घालून ते बघायला नेलं. “किती हुबेहूब आलीय ना गं कॉरिन? मान बघ तिची!” मी म्हटलं, “मान काय, कुणाचीही लांब करता येते रंगाने.” तर ही खो खो हसली. मला वाटलं होतं तिला टोमणा कळेल. ओमाहाहून आलेली सून ती, तिला आपल्या गावातलं काय कळणार. पण खरी आग लागली ती नंतर. मागच्या शनिवारी शिकागोकडचं एक जोडपं भिंतीपुढे उभं होतं. नदीकाठची जुनी घरं घेऊन त्यांना निळे दरवाजे लावणारी ही मंडळी हल्ली फार झालीत. नवरा माझ्याकडे तोंड करून बायकोला समजावत होता, “ही बघ, ही त्या बोट चालवणाऱ्या पायलटची बायको. नवरा नदीवरून घरी येताना दिसला की टेबलावरचं कापड ओढून धावत सुटायची.” मी पोस्टातली पाकिटं काखेत मारून पुढे झाले आणि म्हटलं, “पायलटची बायको मी.” त्या दोघांनी आधी मला बघितलं, मग तुला बघितलं, मग परत मला. मग तो बाबा म्हणाला, “असं का? हो का?” आणि कशाला कोण जाणे, माझाही एक फोटो काढून घेतला.

तेव्हा सरळच सांगते, मला तुझा हेवा वाटतो. आत्ता वाटतोय असं नाही, मी फुलाफुलांचा फ्रॉक घालत होते तेव्हापासून वाटतो. म्हातारपणी माणूस निवळतं म्हणतात. मी काही निवळले नाही. तू टूसॉनच्या वाळवंटात जाऊन बसलीस तेव्हा वाटलं, चला, आता तरी पोस्टात जाताना मान खाली घालावी लागणार नाही. तर आता तू दोन मजली होऊन रोज पोस्टापुढे उभी असतेस.

बटणांच्या कारखान्यात आपण शेजारी शेजारी बसायचो ते आठवतं का? पुरुष खाली शिंपल्यांतून गोल तुकडे काढायचे आणि वर आपण पोरी बटणं पुठ्ठ्यावर शिवत बसायचो. भोकाभोकांचे ते शिंपले अजून माझ्या परसात कुदळ मारली की वर येतात. नदीवरून भोंगा झाला की सगळ्या सुया थांबायच्या. आपल्याकडे प्रत्येक पायलटचा घरचा भोंगा वेगळा. रॉस्कोचे तीन छोटे, म्हाताऱ्या टिलमनचा एक लांब आणि शेवटी शेपटी वर उचलल्यासारखा. ज्या घरचा भोंगा, त्या घरच्या बाईने उठायचं, खिडकीत जायचं आणि हातात असेल ते फडकं हलवायचं. मुकादमही त्या बाईचा पगार कापत नसे. पण फक्त तिनेच जायचं. दुसरीच्या भोंग्याला फडकं हलवणं म्हणजे दुसरीच्या ताटात हात घालणं. मिसेस प्रुइटने चुकून की मुद्दाम टिलमनला उत्तर दिलं, तर अख्खा हिवाळा चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसलं नाही. आणि तू? तुझ्या घरी कुणी पायलट नव्हता, पण कान मात्र तुझेच सगळ्यात तिखट. भोंगा सुरू व्हायच्या आधीच, नुसत्या इंजिनाच्या धडधडीवरून तू सांगायचीस, “वायोला, ऊठ, तुझा बाप आला.” बायका कौतुकाने मान डोलवायच्या. मी सुई ओवायचे.

मग मर्ल आला, तेव्हा नुसता खलाशी होता. उन्हाळ्यात सहलीची बोट लागली त्या संध्याकाळी त्याने आपल्या दोघींनाही वर नाचायला नेलं. पहिला नाच तुझ्याशी नाचला. दुसराही तुझ्याशी. मी लिंबू सरबताचा पेला धरून कठड्याशी उभी होते आणि पेल्यातला बर्फ वितळत होता. तिसऱ्याला तो माझ्याकडे आला, घामाने चिंब, आणि म्हणाला, “कॉरिन दमली.” लग्नाचं मात्र त्याने मला विचारलं. तुला आधी विचारलं होतं का आणि तू नाही म्हणालीस का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्याला विचारलं की तो म्हणायचा, “तुला विचारलं ना? मग झालं तर.” हे काही उत्तर झालं का?

पुढच्याच वर्षी तू ॲन्सेलशी लग्न केलंस. औषधांचं दुकान, पॉलिश केलेले बूट, मितभाषी माणूस. गाव म्हणालं, कॉरिनने नशीब काढलं. मीही म्हणाले. आणि तुम्ही घर कुठे घेतलंत? साऱ्या गावात दुसरी जागा नव्हती का? बरोबर वरच्या वळणावर, टेकाडावर, जिथून नदी दोन्ही बाजूंनी दिसते. माझं घर खाली, धान्याच्या कोठारांच्या मागे. बोट वरून येताना आधी तुझ्या व्हरांड्यापुढून जाणार, मग माझ्या खिडकीपुढून. तोवर मर्ल पायलट झाला होता आणि त्याला घरचा भोंगा मिळाला होता. एक लांब, मग जरा थांबा, मग दोन छोटे. तो भोंगा वाजायचा वळणावर. म्हणजे तुझ्या दारात. मी हातातलं टाकून, पीठ फ्रॉकला पुसत खिडकीशी पोचेपर्यंत टेकाडावर काहीतरी पिवळं हललेलं असायचं.

त्यावरून आमच्या घरात किती ताटल्या आपटल्या गेल्या ते तुला कधी कळलं नाही. मर्ल म्हणायचा, “अगं बये, वळणापलीकडचं दिसत नाही. भोंगा द्यावाच लागतो, नाहीतर समोरच्या बोटीवर जाऊन आदळेन. कायदा आहे तो.” मी म्हणायचे, “कायदा एका लांब भोंग्याचा आहे. ते दोन छोटे कशाला?” तर म्हणायचा, “एक तुझा, एक माझा.” मी विचारायचे, “त्यातला माझा कुठला?” मग तो टोपी डोक्यावर घालायचा आणि मासे धरायला निघून जायचा. एकदा मात्र जाता जाता दारात थांबून म्हणाला, “व्हर्ना, ती हात हलवते. नदीवरच्या माणसाला कुणी हात हलवला की बरं वाटतं. एवढंच.” एवढंच म्हणे! मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

तुझ्याशीही एकदाच बोलले त्याबद्दल. चर्चच्या तळल्या माशांच्या जेवणात तू माझ्यासमोर बसली होतीस. मी बटाट्याचं भांडं पुढे सरकवत म्हटलं, “तुझा टेबलक्लॉथ फार लवकर विरत असेल नाही गं, सारखा वाऱ्यावर धरून?” तू शांतपणे भांड्यातून वाढून घेतलंस आणि म्हणालीस, “नदीवरून कुणी हाक मारली तर ओ द्यावी, व्हर्ना. आईने तेवढं शिकवलंय.” ॲन्सेल बिचारा माशातले काटे काढत राहिला. मी घरी येऊन मर्लला सांगितलं तर तो हसला. त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

आणि मग मोठा पूर. माझ्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं आणि मला जायला जागा कुठली, तर टेकाडावर, तुझ्याकडे. अर्धं गाव तुझ्याकडे होतं म्हणा. तू सगळ्यांना सूप वाढत होतीस, ओले मोजे वाळत घालत होतीस, पोरांना गप्प बसवत होतीस. सगळे म्हणत होते, कॉरिन म्हणजे देवमाणूस. मी तुझ्याच गादीवर झोपून तुझाच मत्सर करत होते. आणि एका सकाळी भोंगा झाला. एक लांब. आपण दोघीही व्हरांड्यात होतो. तू माझ्याकडे बघितलंस, टेबलावरचा तो पिवळा टेबलक्लॉथ ओढलास, माझ्या हातात कोंबलास आणि आत निघून गेलीस. मी तो हलवला. दोन छोटे भोंगे झाले. आत येऊन बघते तर तू माझ्याकडे पाठ करून धुतलेल्याच बश्या पुन्हा धूत होतीस. गावाने हे बघितलं असतं तर तुला आणखी एक मजला चढवला असता. मला काय वाटलं सांगू? माझाच नवरा तू मला घटकाभर वापरायला दिल्यासारखं वाटलं. आणि तुझी ती पाठ बघून थोडं बरंही वाटलं. औषधाच्या दुकानाला भोंगा नसतो, कॉरिन. हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि मी कुणाला बोलले नाही.

मग सगळंच उतरत गेलं. कारखाना बंद पडला, शाळा पलीकडच्या गावात गेली, ॲन्सेलच्या दुकानात आता मेणबत्त्या विकतात. पायलट लोकांच्या खिशात फोन आले. वळणावरून बायकोला फोन करतात, “येतोय, काय शिजवलंयस?” भोंगा कशाला कोण देतोय. मर्लने मात्र शेवटच्या फेरीपर्यंत दिला. तू तोवर टूसॉनला गेली होतीस. त्या दिवशी टेकाडावर काही पिवळं नव्हतं. मी एकटीने फडकं हलवलं, आणि मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही.

घरी बसल्यावर तो ओसरीवर खुर्ची टाकून नदी बघायचा. मी शेजारी वाटाणे सोलत असायचे. एखादी बोट भोंगा देऊन गेली की तो माझा कोपर हलकेच दाबायचा आणि माझ्याकडे तोंड करून म्हणायचा, “डेल आहे.” डेल आठवतो ना, हाफेनचा धाकटा, मर्लच्या हाताखाली शिकला? तो आता ‘लिडा मे’वर पायलट आहे. मर्लने त्याला सगळ्या जुन्या लोकांचे भोंगे शिकवले. किटली वाजली तरी मर्ल कोपर दाबायचा. दारावर कुणी आलं तरी. पाद्रीबुवांनी उभं राहायला सांगितलं तरी. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, “या वयातही बघा कसा हात धरून असतो!” मी मान डोलवायचे. तुला कुणी म्हणालं नसेल कधी असं, म्हणून मला ते फार आवडायचं.

नोव्हेंबरात तो गेला. तुझं हृदयाचं दुखणं होतं, डॉक्टर विमानात बसू देत नव्हते, सगळं ग्लेनिसने कळवलं. तू फुलं पाठवलीस. पिवळी. टूसॉनच्या फुलवाल्याकडे दुसरा रंगच नव्हता का? मी ती शवपेटीच्या पायथ्याशी ठेवू दिली, मधोमध नाही. बॉबी विचारत होती, “ही कुणाकडून गं, इतकी सुंदर?” मी म्हटलं, “एका जुन्या कारखानावालीकडून.”

आता जे घडलं ते सांगते, आणि हसू नकोस. हसलीस तरी मला कळणार नाही म्हणा. वसंतात बर्फ फुटून पहिली बोट आली तेव्हा नेहमीप्रमाणे सगळं गाव धक्क्यावर होतं. बोट वळणावरून पुढे आली, मी बघितली, ‘लिडा मे’च होती. लोकांनी माना वळवल्या, म्हणजे भोंगा झाला. माझ्या हातात फडकं होतं, सवयीने घेऊन गेले होते. मी उंच धरलं आणि हलवलं. चांगलं जोरात हलवलं. मग बाजूला बघते तर टेस, डेलची बायको, लग्नाला वर्षही झालं नाही, हौसेने शिवलेलं नवंकोरं लाल फडकं अर्ध्यावर धरून उभी. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं. तो तिचा भोंगा होता. डेलने तिच्यासाठी दिलेला, सगळ्या गावासमोरचा पहिला. आणि उत्तर दिलं मी. आयुष्यभर तुझ्या नावाने बोटं मोडली त्या मी. टेस चांगली आहे, ती म्हणाली, “असू दे हो, आजी.” मला ते आजी लागलंच. बॉबीने माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना डोळ्यांनी खुणावलं, बिचारी अजून दुःखात आहे म्हणून. मी तसंच समजू दिलं.

दुःखात आहेच मी. पण तो प्रश्न नव्हता. मला ऐकू येत नाही, कॉरिन. आता जवळजवळ काहीच नाही. समोर उभं राहून बोललं की ओठांवरून कळतं, पाठमोरं कुणी बोललं की संपलं. डॉक्टरांनी यंत्र दिलंय, ते घातलं की ताटल्यांचा खणखणाट तेवढा डोक्यात घुमतो. भोंगा नाही. मर्ल होता तोवर कुणाला पत्ता लागला नाही, कारण माझे कान तोच होता. आता किटलीसमोर बसून पाणी उकळायची वाट बघते. कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर बॉबी मला खुर्चीत बसवेल, मोठमोठ्याने तोंड वेंगाडून बोलेल आणि माझ्यासाठीही एखादी कमिटी काढेल.

आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी भोंग्यांची हजेरी आहे. दीडशे वर्षांची म्हणून यंदा फार मोठी करताहेत. गेलेल्या पायलटांचे भोंगे ‘लिडा मे’ एकामागून एक देणार, आणि काठावरून ज्या त्या घरच्यांनी उत्तर द्यायचं. नियम तुला माहीत आहे, तुझ्या समोरच रॉस्कोचा गेला. ज्या भोंग्याला ओ मिळत नाही तो पुढच्या वर्षी देत नाहीत. रॉस्कोची पोरं टेक्सासला, कुणी आलं नाही, त्या दिवसापासून रॉस्को हजेरीतून पुसला गेला. मर्लची ही पहिली हजेरी. क्रम ठरलेला नसतो, पायलटला नदीवर ज्याची आठवण येईल त्याचा तो देतो. डेलला मर्लचा पहिला ठेव म्हणून सांगता आलं असतं. पण मग तो विचारणार का, आणि मी काय सांगू? आणि पहिला कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला, हे तरी मला कुणी सांगायचं? माझ्या घरात दुसरं कुणी तो भोंगा ऐकत वाढलं नाही. आम्हाला मूल झालं नाही, तुला झालं, तोही एक हेवा आहेच, तो आज लिहीत बसत नाही. नव्या लोकांना सगळे भोंगे सारखेच वाटतात. पुन्हा चुकीच्या वेळी फडकं हलवलं तर गाव म्हणेल, म्हातारी भ्रमली. हलवलंच नाही तर मर्ल जाईल. भिंतीवर तुझ्यापुढे त्याची बोट राहील, तेवढाच.

रात्रंदिवस विचार करून बघितला. पिंकली नावाची कुत्री आहे शेजारी, ती भोंग्याला भुंकते, तिला बरोबर न्यावं का, इथपर्यंत मजल गेली. पण ती सगळ्याच भोंग्यांना भुंकते. मर्लचा भोंगा ओळखणारी या काठावरची माणसं आता दोनच उरलीत. एक बहिरी आहे. दुसरी वाळवंटात जाऊन बसलीय.

तेव्हा हे पत्र का लिहिलं ते सांगते. तू ये. डॉक्टरांनी आता विमानात बसायला हरकत नाही असं सांगितल्याचं ग्लेनिसने जुलैत लिहिलं होतं, त्यामुळे ती सबब चालणार नाही. वरची खोली झाडून ठेवलीय, जिन्याला कठडा लावून घेतलाय. हजेरीला आपण खालीच उभं राहायचं, माझ्या दारात, तुझ्या टेकाडावर नाही. तू माझ्या डाव्या बाजूला उभी राहा. इतर सगळे भोंगे होऊ देत, तू हलू नकोस. त्याचा लांब सुरू झाला की माझा कोपर दाब, जोरात नको, तो दाबायचा तसा. मी फडकं वर धरेन. मग जरा थांबा असतो तो तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. पहिला छोटा झाला की पुन्हा दाब, तेव्हा मी हलवणार. तो माझा. कुठला कुणाचा हे त्याने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही, म्हणून मीच ठरवलंय. दुसरा झाला की माझा कोपर सोड. पिवळा टेबलक्लॉथ तू फेकून दिला असशील असं मला एक क्षणही वाटत नाही, तो घेऊन ये.

तुझीच (हा शब्द लिहायला मला दोनदा पेन उचलावं लागलं),
व्हर्ना